कापसाचा पैसा आणि एक चिठ्ठी

ट्रस्ट कधी सुरू झाला असं विचारलं की लोक नोंदणीचं साल सांगतात. बजाज उद्योगघराण्याच्या जमनालाल बजाज फाउंडेशनचं साल 1977. ज्यांच्या नावानं ते आहे, त्यांना जाऊन तेव्हा पस्तीस वर्षं झाली होती. माझ्या लेखी या घराण्याच्या दानाचा पहिला दस्त त्याच्याही सत्तर-एक वर्षं आधीचा आहे आणि तो कुठल्याही कचेरीत नोंदलेला नाही. सतरा वर्षांच्या जमनालाल नावाच्या पोरानं घर सोडताना आजोबांना लिहिलेली चिठ्ठी आहे ती.

प्रसंग अगदी घरगुती. कुठल्याशा लग्नाला जायचं होतं. वर्ध्याचे शेठ बच्छराज बजाज यांची इच्छा, की नातवानं दागिने घालून यावं. चार लोकांत घराण्याची शोभा. नातू नाही म्हणाला. शब्दाला शब्द लागला आणि आजोबा पैशावरून टोचून बोलले. आता, हा नातू दत्तक होता. सीकरजवळच्या काशी का बास नावाच्या राजस्थानी खेड्यात 4 नोव्हेंबर 1889 ला जन्मलेला आणि नीट कळायच्या आत वर्ध्याच्या वाड्यात आणलेला. दत्तक पोराला पैशावरून बोललेलं कुठं लागतं, हे सांगायला नको. त्यानं चिठ्ठी लिहिली. तिचा मतलब असा, की तुमच्या पैशावर आजपासून माझा काही हक्क नाही, मी अंगावरच्या कपड्यांनिशी निघालो, माझ्याकडून तुम्हाला कोर्टकचेरीचा त्रास होणार नाही. आणि निघाला.

पुढचं तुम्हाला ओळखता येईल. शोधून आणलं, समजूत काढली, म्हातारा विरघळला. थोड्याच काळात बच्छराजजी गेले आणि सगळी इस्टेट याच नातवाच्या नावे झाली. अशा चिठ्ठ्या बहुतेक घरांत फाडून टाकतात, किंवा पुढे लग्नाकार्यात हसण्यावारी नेतात. जमनालालजींनी ती खरी मानली. मी एकदा सोडलेला पैसा माझा कसा, हा प्रश्न त्यांनी स्वतःला घातला आणि वारशात आलेली रक्कम व्याजासकट लोकांच्या कामी लावायची, असं ठरवलं. व्याजासकट, हे महत्त्वाचं. त्यात भावनेला भुललेला माणूस दिसत नाही, वहीखातं लिहिणारा दिसतो. मला तो जास्त भरवशाचा वाटतो.

याच सुमाराची आणखी एक गोष्ट आहे. नागपूरहून टिळकांच्या ‘केसरी’ची हिंदी आवृत्ती निघायची होती, माधवराव सप्रे ती काढणार होते, त्यासाठी मदत मागितली जात होती. या पोराला घरून रोजचा एक रुपया खर्चायला मिळे. तो साठवून त्यानं शंभर रुपये दिले. पुढे लाखांनी दिलं, पण त्या शंभराचा आनंद पुन्हा मिळाला नाही, असं ते सांगत. त्या काळात रोजचा रुपया म्हणजे गमतीची रक्कम नव्हती, शेतावरच्या मजुराला कितीतरी दिवस राबून तेवढे पैसे दिसत. तेव्हा बिचाऱ्या गरीब मुलाची ही गोष्ट नाही. श्रीमंत मुलाचीच आहे, पण खिसा मोकळा करताना स्वतःचं काहीतरी कमी व्हावं, ही अक्कल त्याला लवकर आली.

आता मुद्द्याचं. हा पैसा आला कुठून?

माझं गाव वर्धा जिल्ह्यातलं. आमच्याकडे या प्रश्नाचं उत्तर शोधायला पुस्तक लागत नाही, वावरात उभी असलेली पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, पुरते. 1861 ते 65 च्या अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिकडचा कापूस अडला, इंग्लंडच्या गिरण्यांना इकडच्या कापसाची गरज पडली आणि या काळ्या मातीचं नशीब एकदम बदललं. हिंगणघाटचा कापूस तेव्हा मँचेस्टर-लिव्हरपूलपर्यंत नावानं ओळखला जाई. 1862 मध्ये वर्धा जिल्हा वेगळा झाला, चार वर्षांनी पालकवाडीच्या जागी वर्धा शहर आखलं गेलं, रेल्वे आली. रेल्वेमागून जिनिंग-प्रेसिंग आलं, अडतिये आले, सावकार आले. बच्छराजजींसारखे कितीतरी मारवाडी व्यापारी याच लाटेत वऱ्हाड-मध्यप्रांतात स्थिरावले. कापसाचा व्यवहार आणि देणंघेणं, यांतून पेढ्या उभ्या राहिल्या. कास्तकार ज्या हंगामात कमवायचा त्याच हंगामात फेडायचा, आणि उरलंसुरलं पेरणीसाठी पुन्हा उचलायचा.

आमचे आबाजी या विषयावर फार बोलत नसत, पण एकदा बोलले ते डोक्यात बसलं. मी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी दानशूर शेठजींवर भाषण पाठ करत होतो. ते खाटेवर बसून ऐकत होते. म्हणाले, “दान शेठनं केलं, खरं हाय. पण धर्मादाय कोनाच्या पट्टीतून कटे, ते बी सांग ना बापू.”

मला तेव्हा कळलं नव्हतं. नंतर कळलं. जुन्या बाजारात कास्तकाराच्या मालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, होताना अडत, हमाली, तोलाई यांच्या जोडीला ‘धर्मादाय’ नावाची एक कपात असे. मंदिर, गोशाळा, पाणपोई यांसाठी म्हणून. कपात शेतकऱ्याच्या पैशातून, खर्च व्यापाऱ्यांच्या हातून, आणि पाटी कोणाच्या नावाची लागायची ते उघड आहे. अशा मनमानी कपातींना आळा बसावा म्हणून तर बाजाराचे कायदे आले, आणि त्यांची सुरुवातही आपल्या भागातच झाली. कारंज्याचा कापूस बाजार 1886 मध्ये नियमाखाली आला, 1897 मध्ये वऱ्हाडचा कापूस आणि धान्य बाजार कायदा झाला. देशात या बाबतीत आपण पुढे होतो, हे आज यार्डात रात्रभर बंडीखाली झोपलेल्या माणसाला सांगून पाहा, काय ऐकवतो ते.

कोणत्या पेढीनं काय कापलं, हा हिशोब मी मांडत नाही, आणि तो कोणाच्या एकट्याच्या माथी मारण्यातही अर्थ नाही. त्या काळाची ती रीतच होती. पण संस्थापकाची गोष्ट सांगताना आपण नेहमी दानापासून सुरू करतो, कमाईपासून नाही, हे मला खटकतं. आणि जमनालालजींबद्दल मला जो आदर वाटतो तो नेमका इथे आहे. आबाजींचा प्रश्न त्यांना बाहेरच्या कुणी विचारावा लागला नाही. तो त्यांनी सतराव्या वर्षी, वेगळ्या शब्दांत, स्वतःच विचारला होता.

गांधीजींनी श्रीमंतांना ‘विश्वस्त व्हा’ असं सांगितलं ते सगळ्यांना माहीत आहे. त्या सांगण्यावर टीकाही भरपूर झाली आणि ती वाजवी होती, कारण विश्वस्त होऊन दाखवणारे शेठ बोटांवर मोजण्याइतकेही नव्हते. जमनालालजी गेल्यावर गांधीजींनी स्वतःच लिहिलं, की संपत्तीच्या विश्वस्तपणाबद्दल जेव्हा जेव्हा लिहिलं तेव्हा डोळ्यांसमोर मुख्यतः हाच माणूस होता. म्हणजे सिद्धांत आधी आणि उदाहरण नंतर असा मामला नाही. काही अंशी तरी वर्ध्याच्या एका व्यापाऱ्याकडे पाहून तो सिद्धांत बळावला.

या दोघांचं नातं कसं जुळलं, ते थोडक्यात सांगून पुढे जातो, कारण ते पुष्कळांनी लिहिलं आहे. 1920 च्या डिसेंबरात नागपूरला काँग्रेस भरली, जमनालालजी स्वागताध्यक्ष होते. मला तुमचा पाचवा मुलगा समजा, अशी त्यांची मागणी, आणि गांधीजींनी ती मानली. जमनालालजींनी ‘रायबहादूर’ हा किताब परत केला, असहकारात वकिली सोडणाऱ्यांच्या घरासाठी एक लाख रुपये दिले, काँग्रेसचं खजिनदारपण घेतलं ते मरेपर्यंत सांभाळलं. 1921 च्या एप्रिलमध्ये साबरमतीच्या आश्रमाची शाखा म्हणून विनोबा वर्ध्यात आले. त्यांना आणण्यासाठी जमनालालजींनी गांधीजींकडे किती धोशा लावला होता! 1923 च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात शेठजी तुरुंगात गेले. पैसेवाला तुरुंगात जातो म्हटल्यावर गावोगावच्या दुकानदारांनी काय कुजबुज केली असेल, याची कल्पना करायला मला आवडते.

पण पैसा देणं आणि तुरुंगात जाणं, यापेक्षाही अवघड गोष्ट त्यांनी 1928 मध्ये केली, आणि तिच्यात एक पैसाही लागला नाही.

वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर बच्छराजजींनी बांधलेलं. म्हणजे कुलदैवत, घराण्याची प्रतिष्ठा आणि जातीतलं वजन, सगळं त्या गाभाऱ्यात. आदल्याच वर्षी महाडच्या तळ्यावर सत्याग्रह झाला होता. अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी चळवळ उभी राहिली होती, तिथल्या परिषदेला डॉ. आंबेडकर अध्यक्ष म्हणून आले होते. दारं उघडा म्हणून अस्पृश्यांना झगडावं लागत होतं आणि विश्वस्त मंडळं वेळ मारून नेत होती. अशा वेळी, जुलै 1928 मध्ये, वर्ध्याच्या विश्वस्तांनी आपणहून मंदिर सगळ्यांसाठी खुलं केलं. जातीतून ओरड झाली. नातेवाईक दुरावले. ज्यांच्याशी रोटीबेटीचा व्यवहार त्यांच्या तोंडून शिव्या खाणं, हे देणगीच्या कुठल्या रकान्यात लिहायचं? आजोबांनी दिलेले दागिने त्यांनी आधी नाकारले होते, आता आजोबांच्या देवाचं दार त्यांनी उघडलं. मला हे एकाच माणसाचं एकच काम वाटतं.

तरीही एक गोष्ट सोडून चालणार नाही. मंदिर उघडलं तेव्हा आत गेलेल्या बहुतेकांकडे जमीन नव्हती. शेगावची गोष्ट त्यासाठी पाहण्यासारखी आहे. वर्ध्यापासून आठ किलोमीटरवरचं हे खेडं, मोठी वस्ती महारांची, आणि मालगुजारीत, म्हणजे गावाच्या जमिनीच्या मालकीत आणि सारावसुलीच्या हक्कात, मोठा वाटा जमनालालजींचा. 30 एप्रिल 1936 ला गांधीजी तिथे राहायला गेले. शंभर रुपयांच्या वर खर्च करायचा नाही, सामान आसपासचंच वापरायचं, अशी झोपडीसाठी अट. रस्ता धड नाही, साप-विंचू भरपूर, हिवताप पाचवीला पुजलेला. त्याच वर्षी गांधीजी तापानं फणफणले. जमनालालजींना त्यांनी तिथे राहणं मनातून पसंत नव्हतं, बापू शहरात, आपल्या बजाजवाडीत राहिले तर सोय होईल, असं त्यांना वाटे. पण गावाचा मालगुजार तेच आणि मुक्कामाचा हट्ट करणारा त्यांनीच मानलेला बाप. 1940 मध्ये त्या गावाचं नाव सेवाग्राम झालं. मालगुजारी मात्र कायद्यानं गेली ती 1951 मध्ये, जमनालालजी गेल्यावर नऊ वर्षांनी. सेवाग्रामला येणारे पाहुणे बापूकुटी पाहतात, कुडाच्या भिंतीला हात लावतात, फोटो काढतात. जमीन कोणाची होती, हे विचारणारा पाहुणा मला अजून भेटायचा आहे.

एकेक जागा त्यांनी कशी सोडली ते पाहिलं, की वर्ध्याचा नकाशाच वेगळा दिसायला लागतो. आपली बाग त्यांनी ग्रामोद्योग संघासाठी दिली, ती मगनवाडी, मगनलाल गांधींच्या नावानं. तिथे तेलघाणी, हातकागद, मधमाश्या, असले प्रयोग चालत. पवनारला धाम नदीच्या काठावर त्यांचा लाल बंगला होता, तिथे 1938 मध्ये विनोबा प्रकृतीसाठी राहायला गेले आणि तेच त्यांचं कायमचं ठिकाण झालं. 1937 च्या ऑक्टोबरात ‘नयी तालीम’ची, म्हणजे गांधीजींच्या शिक्षणविचाराची, परिषद भरली ती त्यांनीच 1914 मध्ये सुरू केलेल्या शिक्षण मंडळाच्या शाळेत. बजाजवाडी तर देशभरच्या पुढाऱ्यांची धर्मशाळाच झाली होती. ‘चले जाव’चा ठराव कार्यसमितीनं 14 जुलै 1942 ला केला तो वर्ध्यातच. फक्त तेव्हा यजमान नव्हते. 11 फेब्रुवारी 1942 ला, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, मेंदूतल्या रक्तस्रावानं ते गेले होते. शेवटचे महिने त्यांनी गोसेवेचं काम घेऊन गोपुरीत झोपडीत काढले. लाखोंची उलाढाल करणारा माणूस गाईंच्या शेणामुतात रमला याचं कौतुक होतं. मला मात्र त्यात थकवाही दिसतो. वीस वर्षं दुसऱ्यांसाठी पैसे गोळा करून, हिशोब ठेवून, मोठ्या माणसांची भांडणं मिटवून माणूस दमणारच.

यात त्यांच्या पत्नी जानकीदेवींबद्दल कमी बोललं जातं. लहानपणी लग्न होऊन त्या वर्ध्यात आल्या त्या घुंघटातल्या, दागिन्यांनी मढलेल्या. नवऱ्यानं ठरवलं आणि त्यांनी अंगावरचं सोनं उतरवलं, परदेशी कपडे होळीत टाकले, पडदा सोडला. ‘नवऱ्यानं ठरवलं’ या शब्दांत काय काय दडलेलं असतं, ते आमच्या घरच्या बायकांना विचारा. माझी आई म्हणते, “सोनं उतरवाले सांगनं सोपं हाय बाप्पा, ते काई त्यायच्या अंगावरचं नोतं.” पण जानकीदेवी नुसत्या मागे चालत राहिल्या नाहीत. त्या सभांमध्ये बोलायला लागल्या, तुरुंगात गेल्या, आणि नवरा गेल्यावर आपल्या नावचा पैसाअडका गोसेवेला देऊन मोकळ्या झाल्या. 1956 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. घराण्यातल्या दुसऱ्या पिढीला संस्थेचं वळण लावण्यात त्यांचा वाटा शेठजींइतकाच आहे, असं माझं मत आहे. संस्थापक म्हणून फोटो मात्र एकाचाच लागतो.

इथे हिंगणघाटच्या दुसऱ्या एका मुलाची आठवण येते. 1914 मध्ये जन्मलेला, तोही मालगुजाराच्या घरातला, शिकारीचा आणि मोटारीचा शौक असलेला. त्यानं वरोऱ्याजवळ दगडगोट्यांच्या जमिनीवर आनंदवन उभं केलं. बाबा आमट्यांच्या हाती सुरुवातीला सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये होते. जमनालालजींनी असलेल्या पैशातून संस्था काढल्या, बाबा-साधनाताईंनी नसलेल्या पैशातून. पण दोघंही निघाले ते जमिनीच्या आणि कापसाच्या त्याच सुखवस्तू घरांमधून, त्याच अस्वस्थतेनं. वर्ध्याजवळच दत्तपूरला मनोहरजी दिवाणांचं कुष्ठधाम होतं, तिथं बाबांनी या कामाचे धडे घेतले, आणि दिवाण विनोबांचे शिष्य. म्हणजे पैसा, माणसं आणि कामाची हिंमत, हे सगळं या चाळीस-पन्नास मैलांत एकमेकांकडून एकमेकांकडे फिरत राहिलं. आमचा जिल्हा आज शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी पेपरात येतो. त्याच मातीचा हा दुसरा इतिहास पोरांना कोण सांगतं?

घराण्याचे ट्रस्ट मी जवळून पाहिले आहेत. आमच्या भागातल्या एका शिक्षण संस्थेचं कागदावर नाव फार थोर आहे, विश्वस्तांमध्ये मात्र आडनाव एकच. बाप अध्यक्ष, पोरगा सचिव, सून मुख्याध्यापिका, आणि नोकरी लागायची तर दर ठरलेला. संस्थापकाचा पुतळा आवारात उभा आहे, त्याला दर पुण्यतिथीला हार घालतात. धर्मादाय आयुक्तांकडे हिशोब वेळेवर जातो, त्यात काहीच चुकत नाही. त्यामुळे ‘घराण्याची संस्था’ म्हटलं की माझा पहिला विचार संशयाचाच असतो, आणि तो मी सोडणार नाही. बजाजांच्या बाबतीत तो कमी का होतो, तर पहिल्या माणसानं आपल्याच वारसा हक्कावर काट मारून सुरुवात केली होती म्हणून. पुढच्या पिढ्यांना त्या काटेवरून सहज चालता येत नाही. निदान अडखळायला होतं.

2013 च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चायला लावलं. त्यातून गावांत बंधारे झाले, नाले खोल झाले, शाळांना संगणक आले. चांगलंच आहे. आमच्याकडेही एका कंपनीच्या पैशातून नाल्याचं खोलीकरण झालं आणि दोन्ही काठांच्या विहिरींना पाणी टिकलं. पण दोन टक्के हा कायद्याचा आकडा आहे. तो काढताना बाकी अठ्ठ्याण्णव टक्क्यांबद्दल कोणी कोणाला काही विचारत नाही. कापसाच्या भावाबद्दल तर नाहीच.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. विनोबांना भूदानात जमिनी मिळू लागल्या तेव्हा त्यांतल्या कितीतरी कोरडवाहू होत्या, नुसती जमीन घेऊन भूमिहीन माणूस करणार काय? जानकीदेवींनी मग कूपदानाचं काम उचललं. जमिनीला विहीर द्या, म्हणून त्या लोकांकडे मागत हिंडल्या. शेठाणी होत्या, पण मागायला लाजल्या नाहीत. आणि या घराण्याच्या गोष्टीत विहीर त्याच्याही आधीपासून आहे: जमनालालांना दत्तक घेतल्यावर बच्छराजजींनी काशी का बासमध्ये विहीर बांधून दिली होती, तिथे पाण्याची फार ओढ होती म्हणून. मुलगा गेला, पाणी आलं. त्या खेड्यातल्या बायकांनी या सौद्याबद्दल काय म्हटलं असेल, ते कोणी लिहून ठेवलेलं नाही.

आमच्या गावात देवळापाशी एक जुनी सार्वजनिक विहीर आहे. तिच्या काठावर दात्याच्या नावाचा दगड आहे, अक्षरं झिजून गेलीत, आडनावाचा अर्धा भाग तेवढा वाचता येतो. आमचे दामूकाका रोज तिथं बैल पाजायला येतात. मी एकदा त्यांना विचारलं, ही कोणी बांधली. ते म्हणाले, “बांधली कोनी तं कोनी. गाळ कोन काहाडते, ते इचार.” गाळ दर उन्हाळ्यात गावची पोरं काढतात. यंदा काढला नाही, कारण ग्रामपंचायतीनं मोटर बसवून देऊ म्हटलं होतं आणि मोटर अजून आलेली नाही.